नऊने भाग जाणारा फरक

मार्चअखेर जवळ आली की पेढीवरचे दिवे उशिरापर्यंत जळू लागतात. मालाची मोजणी, उधारीची वसुली, बँकेचा ताळमेळ, कराची विवरणपत्रे ही सारी कामे एकाच वेळी दारात उभी राहतात. अशा एखाद्या रात्री तेरीजपत्रकाच्या दोन बाजू जुळत नाहीत. फरक निघतो १८० रुपयांचा. फरकाला ९ ने निःशेष भाग गेला की शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले असावेत, हा जुन्या मुनिमांचा पहिला तर्क असतो. शोधल्यावर ७,६४० च्या जागी ७,४६० सापडतात. चूक दुरुस्त होते, वही मिटते. लिहिणारा हात का चुकला, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वस्तुतः विश्रांतीची पहिली मागणी शरीर बहुधा अशा क्षुल्लक चुकांतूनच करीत असते. अंथरुणाला खिळण्याची वेळ फार नंतर येते. तत्पूर्वी एकच बीजक तीनदा वाचावे लागते, रोजच्या ग्राहकाचे नाव ओठावर येत नाही, नोकराच्या साध्या प्रश्नावर आवाज चढतो. सामायिकाच्या ४८ मिनिटांतही मन उधारीचे आकडे मोजत राहते. रात्री अंग थकलेले असूनही झोप लागत नाही आणि सकाळी झोपूनही ताजेपणा येत नाही. यांपैकी एखादे लक्षण एखाद्या दिवशी दिसले तर चिंतेचे कारण नाही. तीन-चार लक्षणे आठवडाभर टिकली, तर तो इशारा समजावा.

या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत केवळ वहीपुरती राहत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन संशोधनात असे आढळले की, सलग १७ तास जागे राहिलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असल्याइतकी खालावते. आपल्या देशात वाहनचालकासाठी कायद्याने घातलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठणाऱ्या व्यापाऱ्याचे १७ तास रात्री दहाला पूर्ण होतात. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या मद्याला स्पर्श केला नाही, त्या घरातील कर्ता पुरुष खरेदीहून रात्री गाडी हाकीत परततो, तेव्हा तो कोणत्या अवस्थेत असतो, याचा विचार त्या घराने अवश्य करावा. मोठी उधारी मंजूर करणे किंवा धनादेशावर सही करणे, ही कामेही त्या घटकेस सकाळवर टाकणेच शहाणपणाचे.

“माझ्यावाचून पेढी चालणार नाही” ही समजूत विश्रांतीच्या आड येते. बँकांचा एक नियम येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संवेदनशील पदावरील कर्मचाऱ्यास दरवर्षी सलग किमान १० कामकाजाचे दिवस, तेही पूर्वकल्पना न देता, रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले आहे. हेतू गैरव्यवहार उघडकीस आणण्याचा असला, तरी त्या दहा दिवसांत बँक बंद पडत नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते काम शिकवून ठेवलेले असते. मुलाला, सुनेला किंवा विश्वासू मुनिमाला व्यवहार समजावून दिलेली पेढीच मालकाला रजा देऊ शकते.

प्रौढांना रात्री किमान ७ तासांची झोप आवश्यक मानली जाते. पुरेशी झोप घेऊनही काही आठवडे थकवा हटत नसेल, तर रक्तक्षय, मधुमेह किंवा थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे वा धाप लागणे, याला थकवा समजून घरी बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवा सर्वांत शेवटी कळतो. घरच्यांना तो आधी दिसतो. रात्री जेवणाचे ताट झाकून वाट पाहणारी गृहिणी “हल्ली तुम्ही फार चिडता” असे म्हणते, तेव्हा ती तक्रार नसते. वहीतील फरक तिला आधीच सापडलेला असतो.