जुना संगणक, नवी प्रणाली आणि घरचें दप्तर

हल्लीं पुष्कळ घरांत एक नवाच वाद उपस्थित झालेला दिसतो. आठ-दहा वर्षांपूर्वीं घेतलेला संगणक उत्तम चालत असतो. परंतु आपल्या प्रणालीची मुदत संपली, अशा अर्थाची सूचना त्याच्या पडद्यावर वारंवार झळकूं लागते. तरुण मंडळी म्हणतात, हा आतां काढून टाकावा. वडील मंडळी विचारतात, चालती वस्तु टाकावयाची कां? दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु दोघांच्याहि नजरेंतून सुटणारी एक तिसरी गोष्ट आहे, व तिचाच विचार प्रस्तुत लेखांत आम्हीं मुख्यतः योजिला आहे.

यंत्र आणि आपण त्यावर करितों तें काम, यांच्या मध्यें राहून सर्व व्यवस्था पाहणारा जो कारभारी, त्यास कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडील बहुतेक घरगुती संगणकांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज' ही प्रणाली असते. तिची 'एक्सपी' ही आवृत्ति २००१ सालीं आली व तिची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीं बंद झाली. 'सेव्हन' २००९ सालीं आली व १४ जानेवारी २०२० रोजीं निवृत्त झाली. २०१५ सालीं आलेल्या 'टेन'ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. देखभाल संपणें म्हणजे संगणक बंद पडणें नव्हे. प्रणालींत वेळोवेळीं आढळणारीं छिद्रें बुजविण्याचें काम कंपनी थांबविते, इतकाच त्याचा अर्थ. घर उभेंच असतें. कौलें शाकारणारा मात्र पुढें येत नाहीं. कोंकणांतील वाचकांस याहून अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

हीं छिद्रें कितपत भयावह असतात, याचा अनुभव जगास मे २०१७ मध्यें आला. 'वॉनाक्राय' नांवाच्या उपद्रवी प्रोग्रॅमनें सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांत शिरून आंतील मजकुरास कुलूप घातलें व तें उघडण्यासाठीं खंडणी मागितली. इंग्लंडांतील कित्येक सरकारी रुग्णालयांस रोग्यांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या छिद्रांतून हा चोर शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती कंपनीनें मार्च महिन्यांतच दिली होती. ज्यांनीं ती लावून घेतली नव्हती त्यांचे हाल झाले. आणि एक्सपी वापरणाऱ्या सामान्य लोकांस तर ती दुरुस्ती अनर्थ घडल्यानंतरच मिळाली. तेव्हां, चालतें आहे तोंपर्यंत चालूं द्यावें, हा वडील मंडळींचा पक्ष निदान बँकेचे व्यवहार होणाऱ्या संगणकापुरता तरी टिकत नाहीं.

मग सर्वांनीं २०२१ सालीं आलेली 'इलेव्हन' ही आवृत्ति कां घेऊं नये? अडचण अशी कीं, तिला 'टीपीएम २.०' नांवाची सुरक्षेची सोय यंत्रांतच असावी लागते, आणि सुमारें २०१८ पूर्वींचे बहुतेक प्रोसेसर तिच्या संमत यादींत बसत नाहींत. म्हणजे धडधाकट यंत्रेंहि केवळ जन्मसालामुळें पंक्तीबाहेर राहतात. अशा घरगुती ग्राहकांसाठीं कंपनीनें १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची मुदतवाढ जाहीर केली. पण मुदतवाढ म्हणजे विचारास मिळालेला अवकाश, उत्तर नव्हे.

दुसरा मार्ग 'लिनक्स'चा. फिनलंडांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेल्या या कामांत पुढें जगभरच्या जाणत्यांनीं हातभार लाविला, आणि त्यावर उभारलेल्या अनेक प्रणाली आज विनामूल्य मिळतात. आपल्या देशांत सी-डॅक या सरकारी संस्थेनें 'बॉस' नांवाची अशी प्रणाली तयार केली, व केरळांतील सरकारी शाळांनीं मुलांच्या संगणकशिक्षणासाठीं असल्या मुक्त प्रणालींचा अवलंब केला. जुन्या यंत्रावर ती बहुधा सुखानें चालते. व्याकरणाचा विद्यार्थी आदेश व आगम यांतील भेद जाणतो: आदेश मूळच्या वर्णास हुसकून त्याच्या जागीं बसतो, आणि आगम मूळ वर्णाच्या शेजारीं नांदतो. नवी प्रणालीहि दोन्ही रीतींनीं घालतां येते. जुनी पुसून तिच्या जागीं नवी बसवितां येते. किंवा तबकडींत जागा असल्यास दोन्ही ठेवून संगणक सुरू करितांना हवी ती निवडितां येते. कारागिराच्या हातीं यंत्र देण्यापूर्वीं आपणांस यांपैकीं काय हवें, हें स्पष्ट सांगावें; कारण आदेशांत जें जातें, तें पुष्कळदां परत येत नाहीं.

आतां ती तिसरी गोष्ट. मराठी घरांत जुन्या संगणकावर नुसते हिशेब नसतात. कोणाचा कुलवृत्तांत असतो, कोणाच्या आजीनें सांगितलेल्या व्रतकथा व पाककृति असतात, कोणाकडे गांवच्या देवस्थानाची जंत्री असते. हा मजकूर १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत श्रीलिपि, आकृति, आयएसएम अशांसारख्या साधनांनीं टंकिलेला असतो. अक्षरांस जगभर एकच क्रमांक देणारी 'युनिकोड' पद्धति १९९१ सालीं निघाली व तींत देवनागरीस प्रथमपासून स्थान होतें. तरी मराठी छपाईच्या व्यवहारांत ती रुळण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. तोंपर्यंतच्या फॉन्टांत बहुधा इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर आहे तोंवर मजकूर मराठी दिसतो. नव्या यंत्रावर तीच फाईल उघडली असतां रोमन अक्षरांची निरर्थक रांग पुढें येते. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल सुरक्षित आहेत, पण ते वाचणारे विरळा झाले. कागद आहे आणि वाचतां येत नाहीं, ही अवस्था मोडीस येण्यास कांहीं पिढ्या लागल्या; येथें ती एका दुपारींत येते.

आमच्या सावर्डे गांवांतील एका घरीं असाच प्रसंग आला. कुटुंबांतील वृद्ध गृहस्थांनीं गांवोगांव हिंडून सात पिढ्यांची माहिती मिळविली होती व ती एक्सपीच्या काळांतील संगणकावर स्वतः टंकिली होती. ते निवर्तल्यावर यंत्र माळ्यावर गेलें. पुढें घर आवरतांना तें भंगारांत देण्याचें ठरलें, तेव्हां धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "गुरुजी, द्यायचें तर द्या, पण आबांचें लिहिलेलें तेवढें आधीं काढून घ्या." त्यांच्या मुलानें चिपळुणाहून माणूस आणून यंत्र सुरू केलें, फाईली उतरवून घेतल्या व रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमांतून त्या युनिकोडमध्यें आणिल्या. मुद्रितें तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. पहिल्याच पानावर 'हरिहर' यांचें 'हिरहर' झालें होतें व 'दुर्गा'बाईंचें 'दुगार्'!

असें होण्याचें कारण मनोरंजक आहे. ऱ्हस्व इकाराची वेलांटी आपण व्यंजनाच्या आधीं काढितों, पण उच्चार व्यंजनाचा आधीं होतो. रफार डोक्यावर मागाहून देतों, पण 'र्' आधीं उच्चारितों. जुने फॉन्ट लेखणीच्या क्रमानें चालत. युनिकोड जिव्हेच्या क्रमानें चालतें. एका क्रमांतून दुसऱ्यांत नेतांना प्रोग्रॅम चुकला कीं वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते व रफार भलतीकडे उतरतो. म्हणून रूपांतरित मजकुरांत वेलांट्या, रफार, 'सुऱ्या'-'दऱ्या' यांतील अर्धा र, आणि क्ष-ज्ञ हीं जोडाक्षरें डोळ्यांत तेल घालून पाहावीं. वाक्यांतील चूक वाचक सुधारून घेतो. पण वंशावळींत एक नांव चुकलें कीं तो मनुष्यच नाहींसा होतो. त्या घरच्या कुलवृत्तांतास दोन महिने लागले. जीं नांवें लागत नव्हतीं, त्यांसाठीं जुन्याच यंत्रावर मूळ फाईल उघडून ताडून पाहिली. यंत्र आधींच भंगारांत गेलें असतें तर ताडावयास कांहींच उरलें नसतें.

यावरून जो क्रम आम्हांस योग्य वाटतो तो असा. प्रणाली बदलण्यापूर्वीं सर्व मजकुराच्या दोन प्रती कराव्या, त्याबरोबर जुने फॉन्टहि उतरवून घ्यावे, आणि एक प्रत परगांवच्या नातलगाकडे ठेवावी. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी चिपळुणांत शिरलें, तेव्हां एकाच घरांत ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हें पुष्कळांस कळून आलें. नंतर जुन्या यंत्रावरूनच महत्त्वाचा मजकूर कागदावर छापून घ्यावा. मग रूपांतर, मग मुद्रितशोधन, आणि सर्वांच्या शेवटीं प्रणालीचा निर्णय. पैशाचे व्यवहार देखभाल चालू असलेल्या प्रणालीवरच करावे. जुनें यंत्र जाळ्यापासून तोडून, केवळ जुन्या फाईली उघडण्यासाठीं वर्ष-दोन वर्षें ठेवण्यास हरकत नाहीं.

आपल्या परंपरेंत योग आणि क्षेम हे शब्द जोडीनें येतात. नव्हतें तें मिळविणें हा योग, आणि आहे तें राखणें हें क्षेम. तरुणांस पहिल्याची आवड असते, वृद्धांस दुसऱ्याची. आणि या कामीं दोघांचीहि गरज आहे. रूपांतर नातवानें करावें, पण 'हिरहर' हे 'हरिहर' होत, हें आजोबाच सांगूं शकतात. गणपतीस मुंबई-पुण्याची मंडळी घरीं येतात, तेव्हां छापलेलीं पानें सर्वांपुढें ठेवावीं व ज्या त्या शाखेनें आपापलीं नांवें वाचून पाहावीं. चार दिवसांत पुष्कळ काम होईल. मात्र घरांतील जुनीं नांवें ओळखणारीं माणसें आहेत, तोंवरच तें करून घेतलें पाहिजे.