धनुष्याचा ताण कसा ठरवावा?

पैनगंगेच्या रानालगतच्या उमरखेड तालुक्यात शेतकऱ्यांस रानडुकरांचा उपद्रव नित्याचा आहे. पूर्वी रानातील लोक त्यांची शिकार धनुष्यबाणाने करीत. अशा दणकट जनावरास सुमारे ५० पौंड, म्हणजे २३ किलो, ताणाचे धनुष्य योग्य समजतात. तथापि जे पूर्ण ओढून क्षणभर स्थिर धरवत नाही, ते धनुष्य आपले नव्हे. हात थरथरला की नेम चुकतो आणि घायाळ डुक्कर अंगावर उलटते. ताण मोजावयाचा तर दोरीस ताणकाटा अडकवून ती बाणाच्या लांबीइतकी ओढावी व आकडा वाचावा. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये परवानगीवाचून शिकार करणे गुन्हा आहे. सबब धनुष्य निशाणबाजीपुरते ठेवावे आणि पिकाची नासाडी होताच वनखात्याकडे विनाविलंब अर्ज करावा.