तंजावरचा राजा, हालेची शिकवण

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या दिशेने जाताना चौक गावाजवळ धारावी किल्ल्याच्या खुणा आजही दिसतात. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून ही जागा घेतली आणि पुढे वसईही पडली. मीरा-भाईंदरच्या मराठी माणसाला मराठे आणि युरोपीय ख्रिस्ती यांचा संबंध आठवतो तो असा, तोफांच्या धुरातला. या घटनेला पन्नास वर्षे होण्याआधीच दक्षिणेत वेगळेच काही घडले. १७८७ साली तंजावरचे तुळजाजी राजे मरणशय्येवर होते. आपल्या नऊ-दहा वर्षांच्या दत्तक मुलाकडे लक्ष ठेवण्याची विनंती त्यांनी एका जर्मन ल्युथेरन पाद्र्याला केली.

मुलाचे नाव सरफोजी. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी स्थापलेल्या राज्याचा तो वारस. पाद्र्याचे नाव ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ.

श्वार्ट्झ आले होते जर्मनीतल्या हाले गावाहून. १६९४ साली स्थापन झालेले तिथले विद्यापीठ ल्युथेरन भक्तिपंथाचे केंद्र होते. तिथेच प्राध्यापक आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस एक अनाथाश्रम उभा केला आणि त्याच्या भोवती शाळा, औषधशाळा, छापखाना, ग्रंथालय, जगभरच्या वस्तूंचे संग्रहालय अशी एक वसाहतच वाढली. अनाथ मुलाला जेवण द्यायचे, त्याच आवारात त्याला भूगोल शिकवायचा आणि आजारी पडला तर औषधही तिथलेच, ही हालेची रीत. या परंपरेतला पाद्री झीगेनबाल्ग १७०६ साली डेन्मार्कच्या राजाच्या पाठिंब्याने तरंगंबाडीला उतरला. श्वार्ट्झ १७५० मध्ये त्याच बंदरात आले आणि तमिळ, फारसी, मराठी शिकले. माणूस इतका विश्वासाचा, की १७७९ साली मद्रास सरकारने हैदर अलीकडे बोलणी करायला त्यांनाच धाडले.

तुळजाजींनंतर गादीवर बसले ते त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह. सरफोजी जवळजवळ कैदेत पडले आणि त्यांचे शिक्षणही थांबले. श्वार्ट्झ यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारकडे तक्रारी केल्या. अखेर १७९३ मध्ये मुलाला मद्रासला हलवले गेले, आणि तिथे गेरिके या दुसऱ्या ल्युथेरन पाद्र्याच्या देखरेखीत तो शिकला. १७९८च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले. जूनमध्ये सरफोजी राजे झाले.

राज्य मात्र हाती फार काळ उरले नाही. १७९९च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. एवढ्या तुटपुंज्या सत्तेत या माणसाने जे केले, त्याची मराठी वाचकाने अजून नीट दखल घेतलेली नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाचे नाव घेऊन आपण थांबतो.

सरफोजींनी धर्म बदलला नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरवून घेणारे आणि १८२०च्या सुमारास लवाजम्यासह काशीयात्रा करणारे हेच राजे. हालेकडून त्यांनी उचलली ती कामाची घडण, आणि ती रुजवली आपल्याकडच्या अन्नछत्रांत.

रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजघराण्याची छत्रे होती. ती कंपनीच्या ताब्यात जाण्याची वेळ आली तेव्हा सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहून विनवले, की बाकी काही जावो, पण छत्रे माझ्याकडे राहू द्या. छत्रांत काय चालते तेही त्यांनी तपशीलवार सांगितले. वाटसरूंना जातीभेद न पाहता जेवण मिळते, आजाऱ्याला वैद्य मिळतो, सर्पदंशावर उपाय होतो. परक्या वाटसरूंची अनाथ झालेली मुले पंतोजींच्या हवाली केली जातात. त्यांना अन्न, वस्त्र, औषध मिळते आणि आवडेल ती विद्या शिकता येते. शिक्षण झाले की लग्नाचा खर्चही छत्राचाच. हे पत्र आजच्या कुठल्याही शिक्षणसंस्थेने वाचावे असे आहे. पुढच्याच वर्षी ओरत्तनाडला मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. गुरू श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ राजांनी गरीब ख्रिस्ती मुलांच्या पोषणाची आणि शिक्षणाचीही सोय केली होती.

तंजावरात त्यांनी नवविद्या शिकवणाऱ्या शाळा काढल्या आणि १८०५ च्या सुमारास देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला. तिथून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडले. महाराष्ट्रात तेव्हा पेशवाई होती आणि पुण्यात मराठी छापखाना नव्हता. धन्वंतरी महालात देशी वैद्य आणि युरोपीय डॉक्टर यांची विद्या एकत्र आली. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आजही सरस्वती महालात जपलेली आहेत.

सगळ्यांत लोभस आहे सरफोजींचे नाटक ‘देवेंद्र कोरवंजी’. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी बाई, तमिळ नाट्यपरंपरेतले लाडके पात्र. सरफोजींनी तिला मराठी बोलायला लावले आणि तिच्या तोंडून जगाचा भूगोल सांगितला. खंड, देश, शहरे, सगळे गाण्यांतून. युरोपातून आलेली माहिती, तमिळ नाट्यरूप आणि मराठी भाषा इतक्या सहज एका ठिकाणी नांदली, ती ऐकणाऱ्यांना या तिन्हींची सवय होती म्हणून.

या चित्राला मर्यादाही होत्या, आणि त्या झाकू नयेत. श्वार्ट्झ यांच्या चर्चमध्ये वेल्लाळ आणि दलित ख्रिस्ती वेगवेगळे बसत, आणि त्यांनी ते चालू दिले. त्यांचाच शिष्य आणि सरफोजींच्या दरबारात मान पावलेला तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री याने पुढे जातीच्या रूढींची बाजू घेतली. छत्रातले अन्न सर्वांसाठी होते, पण वेदाध्ययन सर्वांसाठी नव्हते.

तरीही या शिक्षणाची फळे दूरवर गेली. त्रावणकोरच्या स्वातितिरुनाळ राजांना शिकवणारे आणि पुढे तिथले दिवाण झालेले सुब्बाराव तंजावरचेच मराठी. कुंभकोणमच्या मराठी घरातले टी. माधवराव त्रावणकोर आणि इंदूरनंतर १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. लहानग्या सयाजीरावांच्या वतीने राज्य चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

सरफोजी १८३२ मध्ये वारले आणि १८५५ मध्ये त्यांचे राज्य नावापुरतेही उरले नाही. सरस्वती महालात तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आहेत, आणि शिवाय मोडीतल्या दरबारी कागदांची दप्तरे. त्यांतल्या काही कागदांची भाषांतरे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने तमिळमध्ये छापली आहेत. मराठी राजाच्या कारभाराचे कागद तमिळ अभ्यासक वाचतात, ही आनंदाची गोष्ट. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनीही मोडी जाणणारी मुले तिथे पाठवायला हवीत, आणि तीही दोन दिवसांच्या सहलीला नव्हे, वर्षभराच्या मुक्कामाला.