दोरा सुती, सुई कितीची?

पहाटे साडेपाच

एप्रिलमध्ये पुण्यात बारीक क्रोशाकाम करायचं तर वेळ हीच. आठनंतर बोटांना घाम सुटतो, पांढरा दोरा मळतो आणि ओलसर बोटावर तो अडखळायला लागला की टाके लहानमोठे होतात. सध्या हातात समईखाली घालायचा रुमाल आहे. दोरा २० नंबरचा, सुई १.२५ मिलिमीटरची, स्टीलची. खिडकीपाशी बसून दोन फेऱ्या पुऱ्या केल्या.

दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो. स्टीलच्या सुयांचंही तसंच, आकडा मोठा तर सुई बारीक. आजीच्या डब्यातल्या सुया घेऊन बायका येतात, तेव्हा मी आधी मिलिमीटर मोजते. भोकं पाडलेली मापाची पट्टी मिळते. सुईचा दांडा ज्या भोकातून नेमका जातो, ते तिचं माप. वेगवेगळ्या काळच्या आणि देशांच्या सुयांवर आकडे निराळे असतात, मिलिमीटर मात्र सगळीकडे एकच.

सकाळी आठ

रात्री धुऊन वाळत घातलेला नमुना काढला. एका कॉलेजच्या मुलीला जाळीचा सैल टॉप हवाय, बिनबाह्यांच्या कुर्तीवर घालायला. या उन्हाळ्यात माझ्याकडच्या निम्म्या मागण्या अशाच आहेत: जाळीचे टॉप, चौकोन जोडून केलेले शर्ट, काठाच्या टोप्या, भाजीच्या जाळीदार पिशव्या, केसांत माळायला क्रोशाचे गजरे. रंगीत चौकोनांची फॅशन १९७० च्या दशकातही जोरात होती. माझ्याकडे ते चौकोन घेऊन येणाऱ्या मुली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, आणि तरी रंगांची त्यांची समज मला फार आवडते.

दोऱ्याच्या लेबलवर चार मिलिमीटरची सुई लिहिली आहे. मी नमुना पाचच्या सुईवर केला. लोकर ताणली तर परत जागेवर येते. सूत येत नाही. शिवाय सूत जड असतं, त्यामुळे अंगावर चढलेला सुती टॉप आपल्याच वजनाने खाली उतरतो. चारच्या सुईवर हीच जाळी घट्ट, जाड आणि गरम झाली असती. पाचवर ती हलकी पडली, वारा जाईल अशी. मात्र फार सैल केली तर लोंबेल. म्हणून नमुना धुवायचा, एक दिवस टांगून ठेवायचा आणि मगच मोजायचा.

मोजणीत कुचराई नको. दहा सेंटिमीटरमध्ये १८ टाके बसले तर १६६ टाक्यांचा घेर ९२ सेंटिमीटर होतो. तेवढ्याच जागेत २० टाके बसले तर तोच घेर ८३. दोन टाक्यांनी टॉप अंगात शिरेनासा होतो.

साडेदहा

रविवार पेठेत, बोहरी आळीत. ऊन चढायच्या आत खरेदी उरकायची. पिशव्यांसाठी आठपदरी सूत घेतलं, सगळे गुंडे एकाच लॉटचे. रंगाचं नाव तेच असलं तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि ती घरच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, उन्हात गेल्यावर उठून दिसते.

शेजारी एक बाई ॲक्रिलिकचे गुंडे चाचपत होत्या. मुलीला उन्हाळी टॉप करायचाय, हे स्वस्त आहे म्हणाल्या. मी न राहवून बोलले, "ताई, हे घाम टिपत नाही हो. याचं खेळणं करा, फुलं करा, अंगावर सूतच घाला." ॲक्रिलिकवर गरम इस्त्री टेकली की त्यातला जीवच जातो, वीण लुळी पडते आणि पुन्हा सावरत नाही. त्यांनी मर्सराइज्ड सूत उचललं. कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने सुताला बळकटी येते आणि रंग खोल चढतो. जॉन मर्सर यांनी त्याचं पेटंट १८५० साली घेतलं. चकाकी आली ती पुढे प्रक्रियेत सूत ताणून धरायला लागल्यावर. टॉप खुलून दिसतो याने, पण हे सूत गुळगुळीत असतं, धातूच्या सुईवरून पटकन घसरतं. नवशिक्यांनी बांबूची सुई घ्यावी. ती दोरा जरा धरून ठेवते.

दुपारी एक

जेवण झालं, पंखा पाचवर. एका गिऱ्हाइकाने फोनवर फोटो पाठवला: "सेम हाच, दुकानात याच्या निम्म्या किमतीत आहे." फोटो मोठा करून पाहिला. कापडात उभ्या साखळ्यांच्या सरळ रांगा आणि त्यांना जोडणारे आडवे धागे. हे यंत्रावरचं विणलेलं कापड, क्रोशासारखं दिसणारं. क्रोशाचा खांब यंत्राला घालता येत नाही. प्रत्येक टाका हातानेच पडतो. त्यांना तसं समजावून लिहिलं.

पण खरा क्रोशाही बाजारात फार स्वस्त मिळतो, आणि त्याचं मला अधिक वाईट वाटतं. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या क्रोशाची लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथे ही कला नेली. मारिया मीस यांनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. लेस परदेशी जाते आणि विणणारीला 'घरी बसून फावल्या वेळात करते' म्हणून नाममात्र मजुरी मिळते, हे त्यांनी तपशिलात दाखवलं. फावला वेळ हा शब्द मी माझ्या हिशेबातून कधीच काढून टाकलाय. दोरा किती, तास किती, एवढंच लिहिते आणि किंमत त्यावर ठरते. फोटो पाठवणाऱ्या बाईंनी मागणी कायम ठेवली.

साडेचार

सुट्टीतल्या मुलींचा वर्ग. आज पिशवी सुरू केली. एकीचे टाके दगडासारखे घट्ट. सुई आत शिरेना.

"काकू, माझी सुई खराब आहे. मोठी द्या ना."

"आधी विण बघू दोन टाके."

सुई साडेतीनची, टोकाखाली घसा निमुळता झालेला. दोऱ्याचा वेढा ती त्या निमुळत्या घशावरच आवळत होती आणि लगेच टाका पुरा करत होती. टाक्याचं माप दांड्यावर ठरतं, घशावर नाही. "फास दांड्यापर्यंत वर चढव, मग ओढ," म्हटलं. चार टाक्यांनंतर सुई सहज आत जायला लागली. तिला मोठी सुई दिली असती तर पिशवी ढिली झाली असती. काही सुयांचा घसा दांड्याच्या रेषेतच खणलेला असतो, त्यावर टाके आपोआप एकसारखे पडतात. काहींचा निमुळता असतो, त्या घट्ट टाक्यातून पटकन निघतात. दोन्ही प्रकारांवर पाच-पाच ओळी विणून पाहाव्यात आणि हात सांगेल ती ठेवावी. पेन्सिलसारखी धरणारीला आणि सुरीसारखी धरणारीला एकच सुई आवडेल असं नाही.

पिशवीचा तळ मात्र मी सगळ्यांना तीनच्या सुईवर, मुक्या खांबांनी करायला लावला. आठपदरी सुताला ती लेबलपेक्षा बारीक आहे, आणि तशीच हवी. दोन किलो कांदे उचलायचे तर तळ ताणायला नको. वरची जाळी साडेचारवर. एका पिशवीत दोन सुया वापरायच्या म्हटल्यावर मुली चकित झाल्या. त्यांना वाटत होतं सुई एकदा निवडली की काम संपेपर्यंत तीच.

रात्री नऊ

दोऱ्याची टोकं लपवायचं काम. सुती टोक गुळगुळीत, एका दिशेने खोचलं तर धुण्यात सुटतं. म्हणून एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे, असं न्यायचं. मनगटं फिरवली, बोटं ताणली, सुया पुसून ठेवल्या.

मग बाळंतविड्याचं झबलं हातात घेतलं. मे महिन्यातलं बाळ, म्हणून लोकर नको, मऊ चौपदरी सूत. बाळाच्या आजीने फोनवर जाळीचं डिझाइन मागितलं होतं, हवेशीर म्हणून. मी नाही म्हटलं. जाळीच्या भोकात बाळाची बोटं अडकतात आणि आत सुटलेला दोरा बोटाभोवती आवळला जाऊ शकतो, ते लवकर कुणाच्या लक्षातही येत नाही. झबलं गळ्याशी सैल ठेवायचं, बाह्या आखूड, वीण अडीचच्या सुईवर भरीव, आणि हवेशीरपणा सुताच्या बारीकपणातून आणायचा. टोपड्याला नाडी लावायची नाही, असंही त्यांना कळवलं.

"मग सुंदर कसं दिसणार गं?" त्यांनी विचारलं.

गळ्याभोवती शिंपल्यांचा लहानसा काठ घालते म्हटलं, भरीव टाक्यांचा, मोतिया रंगात. त्या खूश झाल्या. काठाची पहिली ओळ आत्ताच सुरू केली आहे.