ऑपरेशनपूर्वीचे प्रश्न

ऑपरेशनसाठी माणूस दवाखान्यात दाखल झाला, की प्रश्न सुरू होतात. नाव काय? ऑपरेशन कशाचे? उजवा पाय की डावा? नर्सबाई विचारतात. भूल देणारे डॉक्टर विचारतात. टेबलाजवळ नेल्यावर पुन्हा तेच! मग आपला माणूस चिडतो. म्हणतो, "अहो, कागदावर लिहिलंय ना सगळं!"

पण ही विचारपूस मुद्दाम ठरवलेली असते.

ऑपरेशन हे एकट्याचे काम नव्हे. तिथे बरीच माणसे राबतात. प्रत्येकाला वाटते, ते दुसऱ्याने पाहिले असेल. तिथेच घात होतो. भलत्याच बाजूचा गुडघा उघडला, पोटात कापडाची घडी राहिली, असे प्रकार चांगल्या डॉक्टरांच्या हातूनही घडले आहेत.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एक यादी काढली. पानभरच आहे. तीन वेळा थांबून ती मोठ्याने वाचायची. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रोग्याला बाहेर नेण्याआधी. शेवटी सुया, हत्यारे, कापडाच्या घड्या मोजायच्या. गावजेवण उरकल्यावर आपण भांडी मोजतो ना, तसेच.

आठ शहरांतल्या इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली. त्यांत लंडन होते, आपली दिल्लीही होती. पूर्वी हजार रोग्यांमागे १५ दगावत. यादी आल्यावर ८. हा हिशेब २००९ साली छापून आला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात मात्र यादी लागू करूनही फारसा फरक दिसला नाही. मला वाटते, कागदावर खुणा करणे वेगळे आणि खरोखर थांबून विचारणे वेगळे.

आणखी एक प्रश्न असतो, "काही खाल्ले का?" याचे उत्तर अगदी खरे द्या. भुलीत माणसाला गिळण्याखोकण्याचे भान नसते. पोटातले अन्न वर येऊन श्वासनळीत उतरले, तर जिवावर बेतते. म्हणून हलके खाणेदेखील सहा तास आधी बंद करतात. जड जेवण त्याहूनही आधी. साधे पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. पण दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, खाण्यात धरतात! तुमच्या डॉक्टरांनी जी वेळ सांगितली असेल, तीच पाळायची.

कधी आजीला राहवत नाही. ती नातवाला पदराआडून बिस्किट देते. माया खरी, पण ते डॉक्टरांना लगेच सांगा. ते रागावतील, ऑपरेशन पुढे ढकलतील. ढकलू द्या.