गोव्यात घालवलेले २२ हजार आणि दुकानासाठी मिळालेले धडे



मागच्या व्हिडिओत मी गोव्याच्या ट्रिपचा नुसता उल्लेख केला आणि विषय बदलला. बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तिथे नक्की काय झालं?" खरं सांगायचं तर कॅमेऱ्यासमोर सांगायची लाज वाटली. दुसऱ्यांना भांडवल सांभाळायला शिकवणारा माणूस स्वतःचं भांडवल एका रात्रीत पाण्यावर सोडून आला, हे बोलायला जड जातं. म्हणून सगळं इथे लिहितोय.

ठरलं काय होतं

एप्रिलची अखेर होती. नामपुरातलं आमचं दुकान स्टेशनरी आणि जनरलचं, त्यामुळे मे महिन्यात वह्यांचा माल भरायचा आणि जूनमध्ये विकायचा, हा वर्षाचा मोठा सीझन. त्याआधी चार दिवस सुट्टी घ्यायची ठरली. मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि एक मित्र सहकुटुंब. मनमाडहून गोवा एक्सप्रेस पकडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मडगावला उतरलो. मुलीने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिचा एकच हट्ट होता, "पप्पा, सकाळी सकाळी समुद्रावर जायचं."

पणजीत रूम बुक केली होती. फोटोत खिडकीतून मांडवी दिसत होती. प्रत्यक्षात खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीचा जनरेटर. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "सर, ती वरच्या मजल्याची रूम आहे, रेट वेगळा." फोटो खोटा नव्हता, फक्त आमच्या रूमचा नव्हता. आपणही दुकानात हेच करतो का? बाहेर सगळ्यात चांगला पीस टांगायचा आणि आतून दुसराच काढून द्यायचा? असं केलं तर ग्राहक भांडत नाही. तो पुन्हा येत नाही, बस्स.

आत जाण्याआधीच पैसे

गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहे. १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर टेबलचे खेळ आले. म्हणून पणजीत मांडवीच्या पात्रात रात्री ती जहाजं दिव्यांनी चमकताना दिसतात. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ चा कॅसिनो कायदा होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला.

आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. म्हणजे घरच्यांना मनाई आणि पाहुण्यांना आग्रह. हे आधी माहीत असतं तर मी जरा थांबलो असतो.

शनिवार असल्यामुळे प्रवेशाचे दर वाढीव होते. पॅकेजमध्ये जेवण होतं आणि काही 'फ्री' चिप्स. त्या चिप्स थेट रोखीत बदलून मिळत नाहीत, टेबलावर लावाव्याच लागतात. जिंकलात तर जिंकलेले पैसे मिळतात. थोडक्यात, ते फुकट नव्हतं, ती खेळायची सवय लावण्याची पद्धत होती.

चिप्सची गंमत अशी की त्या हातात आल्या की पैसे वाटतच नाहीत. पाचशेची नोट काढताना हात थांबतो, चिप सरकवताना थांबत नाही. दुकानातली उधारी अशीच असते. वहीत लिहिलेला आकडा ग्राहकाला पैसा वाटत नाही, आणि काही दिवसांनी आपल्यालाही वाटत नाही.

चाकाचं गणित

मी रुलेटच्या टेबलावर बसलो. एका शून्याच्या चाकावर ३७ खाने असतात: १८ लाल, १८ काळे आणि एक हिरवं शून्य. समजा ३७ जणांनी प्रत्येक आकड्यावर शंभर रुपये लावले. गोळा झाले ३,७०० रुपये. जिंकणाऱ्याला त्याचे शंभर धरून मिळतात ३,६००. उरलेले शंभर मालकाचे. म्हणजे मार्जिन फक्त २.७ टक्के. दोन शून्यांच्या चाकावर ते ५.२६ टक्के होतं.

मित्रांनो, २.७ टक्क्यांवर आपल्यापैकी कुणी दुकान टाकलं असतं का? पण ते चाक दर दीड मिनिटाला फिरतं. मी दर वेळी पाचशे लावले तर तासाला ४० डाव, म्हणजे २० हजारांची उलाढाल, आणि सरासरी ५४० रुपये त्यांचे. सगळी कमाई फिरण्यात आहे.

हा त्या रात्रीचा एकमेव फायद्याचा धडा. माझ्या दुकानात १० हजारांच्या गिफ्टच्या वस्तू आहेत. मार्जिन ३० टक्के, पण वर्षातून एकदाच विकल्या जातात: ३ हजार मिळतात. तेच १० हजार पेनांत घातले तर मार्जिन ८ टक्के, पण माल दर महिन्याला फिरतो: वर्षाला ९,६००. आता तुमच्या दुकानातली धूळ खाणारी फळी बघा आणि हिशेब करा.

"आता दुप्पट लावतो"

पहिल्या तीन तासांत साडेसहा हजार गेले. उठायला हवं होतं. पण डोक्यात आलं, लालवर लावत राहू, हरलो की दुप्पट. कधीतरी लाल येणारच ना!

५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,०००. पाचही डाव गेले. दहा मिनिटांत १५,५०० रुपये. सहाव्या डावाला १६ हजार हवे होते आणि खिशात नव्हते. असते आणि जिंकलो असतो, तरी फायदा झाला असता फक्त पाचशेचा. सलग पाच वेळा हरणं दुर्मीळ वाटतं ना? अट्ठावीस वेळा असा प्रयत्न केला तर सरासरी एकदा हे होतंच. आणि चाकाला मागचा डाव आठवत नाही.

धंद्यात हे आपण रोज बघतो. एक माल पडून राहिला म्हणून तोटा भरून काढायला दुप्पट ऑर्डर द्यायची. एक हप्ता थकला म्हणून दुसरं कर्ज काढायचं.

जोखीम वेगळी, जुगार वेगळा

माझा मित्र कांद्याचा व्यापारी. तो दोन हजार वेगळे काढून आला होता. ते संपले तसा उठला आणि जेवायला गेला. जाताना म्हणाला, "भाऊ, आपण रोज जोखीम घेतो. पण बोली लावायच्या आधी मी लासलगाव, उमराण्याचा भाव विचारतो, माल हातात घेऊन बघतो. या चाकाला काय विचारणार?"

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. जिथे माहिती घेतल्याने, मेहनतीने तुमची बाजू सुधारते, ती जोखीम. जिथे काहीही केलं तरी गणित तेच राहतं, तो जुगार.

खरी किंमत

पहाटे रूमवर आलो आणि दुपारी बारापर्यंत झोपलो. मुलगी सकाळी सातला फ्रॉक घालून तयार बसली होती. बायको भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, "वह्यांचे पैसे होते ना ते?" हो, तेच होते.

मे महिन्यात १ लाख ८० हजारांचा माल घ्यायचा होता. पूर्ण रोख दिले असते तर ३ टक्के सूट होती, म्हणजे ५,४००. पैसे कमी पडले, थोडा माल उधारीवर घ्यावा लागला आणि सूट गेली. माझा निव्वळ नफा साधारण १० टक्के. म्हणजे ते २२ हजार परत मिळवायला मला २ लाख २० हजारांचा माल विकावा लागला. जूनमध्ये एकेक वही देताना हा आकडा आठवत होता.

निघायच्या दिवशी सकाळी मात्र सगळे मिरामारच्या किनाऱ्यावर गेलो. मुलगी तासभर पाण्यात होती. त्याला एक रुपयाही लागला नाही. नंतर एका छोट्या खानावळीत गेलो. मालकीणबाई म्हणाल्या, "आज मासळी चांगली नाही, भाजी घ्या." महागडं ताट विकता आलं असतं, तरी नको म्हणाल्या. त्या ट्रिपमध्ये पुन्हा जावंसं वाटलेली ती एकच जागा.

आता माझे नियम

१. दुकानाचं खातं आणि घरचं खातं वेगळं. सुट्टीचा पैसा वर्षभर महिन्याला थोडा बाजूला काढायचा.

२. कुठल्याही नव्या प्रयोगात किती हरायचं हे आधी कागदावर लिहायचं. तो आकडा आला की उठायचं.

३. तोटा भरून काढण्यासाठी ऑर्डर वाढवायची नाही. माल विकला जातोय म्हणून वाढवायची.

४. प्रत्येक खर्चापुढे लिहायचं: हा भरून काढायला किती विक्री लागेल?

आजचा गृहपाठ चौथ्या नियमाचा. गेल्या महिन्यातला तुमचा सगळ्यात मोठा अनावश्यक खर्च घ्या आणि त्याला तुमच्या नफ्याच्या टक्क्याने भागा. जो आकडा येईल, तो गल्ल्यावर चिकटवा. माझ्या गल्ल्यावर २,२०,००० लिहिलंय. मुलगी विचारते, "पप्पा, हे काय?" मी सांगतो, "समुद्र बघायला उशीर केला ना, त्याचं बिल."