दाबाखाली विरणारे चुंबकत्व

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी तुमसर तालुक्यासोबत भंडाऱ्यातच राहिल्या. तरी गोंदियाला हे खनिज परके नाही; बालाघाटच्या वाटेला लागले की भरवेलीची खाण जवळच आहे. यातले बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्ट्यांत जाते. भौतिकशास्त्रज्ञांना मात्र ते दुसऱ्याच कारणासाठी हवे असते.

मँगनीज फॉस्फाइड हे संयुग सुमारे 18 अंश सेल्सिअसच्या खाली लोखंडासारखे चुंबकीय असते, त्यावर नसते. म्हणजे त्याचा खडा गोंदियातल्या जानेवारीच्या पहाटे चुंबकाला चिकटेल, मे महिन्यातल्या दुपारी चिकटणार नाही.

उष्णतेने चुंबकत्व जाते, हे शाळेतच कळते. ते नुसत्या दाबानेही जाते, आणि मला हेच जास्त विलक्षण वाटते. धातूतले काही इलेक्ट्रॉन एका अणूवरून दुसऱ्यावर फिरत असतात. त्यांची फिरकी एकाच दिशेला वळली, तर आपसातले प्रतिकर्षण कमी होते. पण त्यासाठी त्यांना जास्त गतिज ऊर्जा मोजावी लागते. दाबाने अणू जवळ आले की इलेक्ट्रॉनांची ये-जा सुलभ होते, ही किंमत वाढते आणि अखेर हा सौदा परवडेनासा होतो. मँगनीज सिलिसाइड या दुसऱ्या संयुगात चुंबकत्व घालवायला हवेच्या दाबाच्या साधारण 14 हजार पट दाब पुरतो.

एवढा दाब आणायची एक रीत म्हणजे हिऱ्यांची ऐरण. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धातूची पातळ चकती, तिच्या बारीकशा छिद्रात नमुना आणि शेजारी माणकाचा कण. लेझर पडताच माणिक लाल चमकते. दाब वाढतो तसा त्या लालीचा रंग किंचित सरकतो, त्यावरून दाब मोजतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही अशा ऐरणी वापरल्या जातात.

दाब नेहमी चुंबकत्व मारतोच असे नाही. इटर्बियमच्या काही संयुगांत तो ते जागवतो.

2015 मध्ये चिनी आणि जपानी संशोधकांनी मँगनीज फॉस्फाइडवर हवेच्या दाबाच्या सुमारे 80 हजार पट दाब दिला. चुंबकीय रचना मोडण्याच्या सीमेवर, निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक अंश वर, ते अतिवाहक झाले, म्हणजे त्याचा विजेला होणारा रोध नाहीसा झाला. मोडू पाहणाऱ्या चुंबकत्वाची थरथरच अतिवाहकतेसाठी लागणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळवते, असे अनेकांना वाटते; त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.